शिवाजी रस्ता : वाडे आणि ओझी



या व्याख्यानमालेचे आमंत्रण घेऊन जे गृहस्थ माझ्याकडे आले, त्यांना मी प्रथम विचारले, "आपला पत्ता चुकला नाही ना?" न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून येथे पंडित बोलले, शास्त्रज्ञ बोलले, देशाचे पुढारी बोलले. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. गेली तीस वर्षे हमाल, पाटीवाले, पथारीवाले आणि दुकानांतले नोकर यांच्या संघटनेचे काम करतो. माझी भाषणे व्हायची ती फाटकासमोर किंवा एखाद्या कचेरीच्या दारात. तेथले श्रोते बसलेले नसतात, चिडलेले असतात. तेव्हा आपल्यासारख्या खुर्चीवर बसून शांतपणे ऐकणाऱ्या मंडळींपुढे उभे राहताना जीभ थोडी चाचरते. पण ते गृहस्थ म्हणाले, "आम्हांला विद्वत्ता नको आहे, तुम्ही एखाद्या रस्त्याविषयी सांगा." रस्ता म्हटल्यावर मला नाही म्हणवेना. माझी शाळा, माझी तालीम आणि माझी कचेरी ही तिन्ही रस्त्यावरच झाली.

मी आज निवडला आहे तो शिवाजी रस्ता. नव्या पुलापासून स्वारगेटपर्यंत, रमतगमत चालले तर तासाभराची वाट. आपल्यापैकी प्रत्येकाने तो शेकडो वेळा तुडवला असेल. वर्षानुवर्षे येथली वाहतूक एकेरी, पुलाकडून स्वारगेटकडे. आपणही त्याच दिशेने जाऊ, म्हणजे हवालदार अडवणार नाही.

युनियनच्या कामात माणसाला एक सवय लागते. कोणताही कागद हातात आला की तो आधी हिशेब पाहतो. हुकूम कोणाचा, पैसा कोणाचा आणि अंगमेहनत कोणाची? इमारतींकडेही मी त्याच नजरेने पाहत आलो. इतिहासकारांना हे आवडेल की नाही मला ठाऊक नाही. पण आपल्या शहरात पहिल्या प्रश्नाचे उत्तर दगडावर कोरलेले असते, दुसऱ्याचे दप्तरात सापडते आणि तिसऱ्याचे बहुधा कोठेच सापडत नाही. तेवढ्यासाठी आजचे हे बोलणे.

पुलापासूनच सुरुवात करू. हा पूल १९२३ साली खुला झाला. मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्यावरून तो लॉईड पूल झाला. पुढे त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले. पण पुणेकर दोन्ही नावे बाजूला ठेवून त्याला अजून 'नवा पूल'च म्हणतात. शंभर वर्षे उलटून गेली तरी तो नवाच. लोकांनी एकदा नाव ठेवले की सरकारी पाटीला कोण विचारतो! १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा मुठेचे पाणी या बाजूने शनिवार आणि कसबा पेठांत शिरले. त्या दिवसाच्या आठवणी कसब्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून मी लहानपणी ऐकल्या आहेत. कोणाचा संसार गेला, कोणाचा आवा गेला.

आवा हा शब्द मी सहज बोललो. पुलाच्या या टोकाला कुंभारवेस आहे. शहराच्या वेशीला कुंभारांचे नाव मिळाले, कारण ते येथे राहत होते, चाक फिरवीत होते आणि नदीची माती त्यांना जवळ होती. थोडे आत कसब्यात शिरलात तर तांबट आळी लागते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके देऊन जे चकाकते खळगे पाडतात त्याला मठारकाम म्हणतात. लहानपणी मी एका भांड्यांच्या दुकानात पोऱ्या म्हणून होतो. मालकाने आळीतून बंब आणायला पाठविले की मी तेथे उभा राहून ऐकत असे. चारपाच घरांतून ठोके पडत, पण एकमेकांच्या ठोक्यांत कोणी गडबडत नसे. या जुन्या पेठांत जागेला नाव देण्याची एक सरळ रीत होती. जो जेथे काम करील त्याचे नाव त्या आळीला. मोठे सरळ रस्ते झाले आणि ही रीत संपली.

आता डाव्याउजव्या हाताला दोन वास्तू येतात, लाल महाल आणि शनिवारवाडा.

लाल महालाबद्दल एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगितली पाहिजे. शहाजीराजांनी बांधलेला, जिजाबाईंच्या देखरेखीखाली बाल शिवाजी जेथे वाढले आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी जेथे शाएस्तेखानाची बोटे कापली, तो लाल महाल आज उभा नाही. आपण पाहतो ती वास्तू महापालिकेने १९८४ ते १९८८ या काळात उभारली. ती स्मारक म्हणून चांगली आहे. पण स्मारक आणि मूळ वास्तू यांतला फरक आपण विसरू लागलो की इतिहासाची जागा देखावा घेतो. मूळ दगड गेला असेल तर गेला म्हणावे, त्यात कमीपणा नाही.

शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी घातला, आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च आला १६,११० रुपये. हा आकडा पुण्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतो. सागवान जुन्नरच्या रानातून आले, दगड चिंचवडच्या खाणींतून आला आणि चुना जेजुरीकडचा. बांधकामावर राजस्थानातून आलेले कुमावत कारागीर होते, आणि काम मनाजोगते झाले म्हणून त्यांच्या मुख्यांना 'नाईक' हा किताब मिळाला, असे सांगतात.

येथे मी थांबतो. आमचे मूळ गाव पुरंदर तालुक्यात, जेजुरीच्या अंगाचे. त्या चुन्याचे नाव आले की माझ्या डोळ्यांपुढे भट्टी येते. चुनखडी खणणारा, भट्टी लावणारा, ती गोणीत भरून बैलांवर लादणारा, दिवेघाट उतरवून पुण्यात आणणारा, घाणीत ती मळणारा, आणि मग गवंड्याच्या हाताखाली टोपली देणारी बाई. किताब मिळाला तो मुख्य कारागिराला. टोपलीवालीपर्यंत त्या १६,११० पैकी किती पोहोचले? आणि हेही पाहा की परप्रांतातला मजूर येऊन पुण्याची इमारत उभी करतो, ही गोष्ट १७३० इतकी जुनी आहे. आज बांधकामावर बिहारचा, ओरिसाचा मजूर दिसला की काही लोक नाक मुरडतात. त्यांनी दिल्ली दरवाजासमोर क्षणभर उभे राहावे. ज्याचा अभिमान आपण मिरवतो तो वाडाही बाहेरून आलेल्या हातांनी बांधला.

वाड्यात काय काय घडले ते आपण सर्व जाणता. मी एकच प्रसंग घेतो, कारण तो माझ्या धंद्याशी संबंधित आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. 'ध'चा 'मा' कोणी केला यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घालतो. पण गारदी वाड्यात शिरले ते पगाराचे गाऱ्हाणे पुढे करून, याकडे फारसे कोणी पाहत नाही. पगार थकणे ही साधी गोष्ट नाही, हे मी जन्मभर पाहिले आहे. थकलेल्या पगाराने माणूस चवताळतो. पण गारद्यांच्या गाऱ्हाण्याचा उपयोग दुसऱ्या कोणी आपल्या गादीच्या राजकारणासाठी करून घेतला. शेवटी अठरा वर्षांच्या पोराचा जीव गेला, गारद्यांच्या माथी कलंक आला, आणि ज्यांना गादी हवी होती त्यांनी ती काही दिवस तरी उपभोगली. आमच्या संघटनेत नवीन पोरगा आला की मी त्याला शनिवारवाड्यावर घेऊन जातो आणि ही गोष्ट सांगतो. मागणी आपली असेल तर तिची दोरीही आपल्याच हातात असली पाहिजे.

१८१७ च्या नोव्हेंबरात या वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली, ती सात दिवस धुमसत होती असे सांगतात. जुन्नरचे सागवान जळून गेले. राहिला चिंचवडचा दगड, तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. नंतर कित्येक वर्षे या वाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात शहराचा भाजीबाजार भरत असे. पेशव्यांच्या देवडीसमोर मेथी आणि वांगी! इतिहासप्रेमी माणसाला हे विटंबनेसारखे वाटेल. मला तसे वाटत नाही. राज्य गेले, वाडा गेला, तरी शहराला संध्याकाळी भाजी लागतेच, आणि ती कोणीतरी डोक्यावरून आणावीच लागते. हा बाजार पुढे येथून हलला. तो कोठे गेला ते पाहायला आपण जाणारच आहोत. वाटेत एक ठिकाण आहे, तेथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे.

रस्ता बुधवार पेठेत शिरला की गर्दी दाटते. एका बाजूला दगडूशेठ हलवाई गणपती. देवाला भक्ताचे नाव मिळाल्याची उदाहरणे आहेत, पण येथे नावाबरोबर मिठाईचा धंदाही देवाला चिकटला आहे, आणि देवाची त्याला काही हरकत दिसत नाही. त्याच्या समोरच्या बाजूला भिडे वाडा होता. 'होता' म्हणतो, कारण आज तो नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडईतल्या कष्टकऱ्यांचा एक मोर्चा आम्ही या रस्त्याने काढला होता. मी पुढे, गळ्यात उपरणे, हातात कर्णा. माझी आई त्या मोर्चात होती. ती मंडईबाहेर गोणपाट पसरून लिंबे, मिरच्या, कोथिंबीर विकायची. घोषणा देता देता आम्ही या वाड्यापाशी आलो, आणि गर्दीत जरा थांबावे लागले. वाडा पडायला आलेला, खाली दुकाने, वर वासे लोंबलेले. आईने विचारले, "काय रे, हा वाडा कुणाचा?" मी कर्ण्यावरून तोंड बाजूला करून म्हणालो, "असंल कुणा भिड्यांचा." आणि पुन्हा घोषणा सुरू केल्या. घोषणेत नाव कोणाचे होते? महात्मा फुल्यांचे!

पुढे काही महिन्यांनी फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला फुल्यांच्या समग्र वाङ्मयाची एक प्रत मिळाली. पाठ फाटलेली, पण पाने पुरी. मी वाचायला शिकलो होतो ते बहुतेक आईच्या मिरच्यांच्या पुड्यांच्या कागदांवर. त्यामुळे फाटक्या पुस्तकाचे मला वावडे नव्हते. ती प्रत मी वाचून काढली. मग फुल्यांची चरित्रे वाचली. आणि त्या वाचनात मला कळले की १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची पहिली शाळा काढली ती बुधवार पेठेत, तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात. ज्या वाड्यासमोर उभा राहून मी फुल्यांच्या नावाने कर्णा फुंकत होतो, तोच हा वाडा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. याच गल्ल्यांतून सावित्रीबाई शाळेला जात, त्यांच्या अंगावर लोक शेण-माती टाकीत, आणि त्या शाळेत पोहोचून लुगडे बदलून शिकवीत.

घरी येऊन मी आईला ते वाचून दाखविले. ती लिंबे निवडीत होती. तिने सगळे ऐकून घेतले, आणि मग विचारले, "अन् मग मला का नाही रे घातलं साळंत?"

मंडळी, गावात शाळा होती. आईचा जन्म भिडे वाड्यातल्या शाळेनंतर शंभर वर्षांनी झाला. पण घरी धाकटी भावंडे होती आणि गुरे होती. त्या प्रश्नाला मी काही उत्तर देऊ शकलो नाही. आजही मजजवळ नाही. माझे पुढचे सगळे वाचन त्या प्रश्नापायी झाले, एवढेच सांगतो.

भिडे वाड्याचा खटला बरीच वर्षे चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंचे म्हणणे फेटाळले, आणि डिसेंबरच्या ४ आणि ५ तारखांच्या मधल्या रात्री महापालिकेने तो मोडकळीला आलेला वाडा उतरवला. सकाळी मी तेथे जाऊन उभा राहिलो. स्मारक व्हावे ही मागणी आम्हीही केली होती, त्यामुळे मला आनंद झाला पाहिजे होता. झालाही. पण त्याच वेळी मनात आले की खालच्या दुकानांत कामाला जी पोरे असतील ती आज सकाळी कोठे गेली असतील? मालकाचा वकील असतो, वास्तूचा अभिमानी असतो, नोकराचा कोणी नसतो. सावित्रीबाईंनी पहिल्यांदा याच पोरांची चौकशी केली असती, असे मला वाटते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्मारकाचा पायाभरणी समारंभ झाला.

येथून पुढे बेलबाग चौक. नाना फडणिसांनी बांधलेले बेलबागेचे विष्णुमंदिर येथे आहे, आणि येथेच लक्ष्मी रस्ता आपल्या रस्त्याला छेदतो. विसर्जनाची मिरवणूक मंडईहून निघून या चौकात वळते. जवळच पुणे नगर वाचन मंदिर आहे. तेही १८४८ चे. एकाच वर्षी, एकाच पेठेत, एकीकडे ग्रंथालय निघाले आणि दुसरीकडे मुलींची शाळा. दिवसभर काम करून संध्याकाळी वाचनालयाच्या बाकावर बसणाऱ्या माझ्यासारख्याला त्या वर्षाचे दुहेरी ऋण आहे.

आता मंडई. वाड्यासमोरच्या पटांगणातला बाजार हलला तो येथे. ५ ऑक्टोबर १८८६ रोजी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते ही इमारत उघडली, म्हणून तिचे नाव 'रे मार्केट'. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचे. आपण भाजी घ्यायला जाता तेव्हा नजर खाली असते, वांग्यांवर. पुढच्या खेपेला पिशवी खाली ठेवा आणि वर पाहा. मधोमध उंच मनोरा, खाली अष्टकोनी गाभा आणि तेथून चोहोबाजूंना फाकलेल्या भुजा. ओट्यावर बसलेल्या बाईच्या पालेभाजीला दुपारच्या उन्हातही गारवा मिळावा, वारा खेळता राहावा, असे ते उंच छप्पर आहे. बाहेर टिळकांचा पुतळा आहे. १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. पुतळ्याभोवती संध्याकाळी ज्या गप्पा झडतात त्यांवरून या जागेला 'मंडई विद्यापीठ' म्हणतात. माझी पदवी त्याच विद्यापीठाची. तेथे परीक्षा रोज असते आणि नापास करताना कोणी आडपडदा ठेवीत नाही.

या इमारतीची खरी गोष्ट मात्र तिच्या बांधणीआधीची आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते काही हवेतले माणूस नव्हते. स्वतः कंत्राटदार होते, कात्रजच्या बोगद्याच्या कामाशी त्यांचा संबंध होता, दगड-चुन्याचा भाव त्यांना कळत होता. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. बत्तीस सभासदांत विरोधी मत देणारे जोतीराव एकटे. ते म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या. मंडईची भव्य इमारत बांधण्याचा विषय निघाला तेव्हाही त्यांनी आणि हरी रावजी चिपळूणकरांनी विरोध केला. कारण तेच. आधी शिक्षण, मग इमारत.

जोतीराव हरले. मंडई झाली. आणि १९३८ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला नाव देण्यात आले 'महात्मा फुले मंडई'!

ही गोष्ट सांगितली की लोक हसतात. पुणेरी विनोद म्हणून तो चांगला आहे. पण मला त्यात निव्वळ विनोद दिसत नाही. मी त्या मंडईच्या आधाराने वाढलो. १९७२ च्या दुष्काळात आमचे घर पुण्याला आले. वडील मंडईत पाटी वाहायचे. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाटी, पाटीत गिऱ्हाइकाची भाजी, आणि गिऱ्हाइकाच्या मागोमाग थेट घरापर्यंत. मिळेल तो पैसा. आई बाहेर गोणपाटावर. मंडई नसती तर आम्ही जगलो नसतो. मग जोतीराव चुकले म्हणायचे का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे.

माझी आई त्या इमारतीच्या सावलीत चाळीस वर्षे बसली. इमारतीवर नाव होते महात्मा फुल्यांचे. आणि ते नाव तिला वाचता येत नव्हते.

माझ्यापुरता तरी या वादाचा निकाल यात आहे. मंडईने तिला भाकरी दिली, हे खरे. जोतीरावांनी मागितलेली गोष्ट तिला मिळाली नाही, हेही तितकेच खरे. जोतीरावांचा वैरभाव मंडईशी नव्हता. खर्चाच्या क्रमाशी त्यांचे भांडण होते. त्यांचे नाव इमारतीला देऊन आपण त्यांचा मान केला, पण त्यांचा ठराव अजून फायलीतच पडून आहे.

या भागाने चळवळीला आणखीही पुष्कळ दिले आहे. 'दीनबंधू' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढले. पुढे ते ज्यांच्या हाती मुंबईत गेले ते नारायण मेघाजी लोखंडे. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, त्यांच्या खटपटीने. आज रविवारी सकाळी आरामात मंडईत जाणाऱ्या प्रत्येकाने त्यांची आठवण ठेवावी. १९५५ च्या सुमारास डॉ. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. पोत्याचे वजन माणसाच्या पाठीला झेपेल एवढेच असावे, ही साधी मागणी मान्य करून घ्यायला दशके गेली. १९६९ साली माथाडी कायदा आला. १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू झाली, आणि हमालाला पोटभर, स्वस्त जेवण मिळू लागले. १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांचीही पंचायत झाली. या गोष्टींचे पुतळे नाहीत. पण त्यासुद्धा या शहरातल्या वास्तूच आहेत, असे मी समजतो.

आता शेवटचा थांबा. मंडई मागे टाकून स्वारगेटच्या दिशेने निघालात की खडकमाळ आळीत मामलेदार कचेरी लागते. येथे ३ फेब्रुवारी १८३२ रोजी उमाजी नाईकांना फाशी दिली गेली. उमाजी पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. रामोश्यांकडे पिढीजात काम होते ते गडांच्या आणि गावांच्या राखणीचे. पेशवाई बुडाल्यावर नव्या सरकारने ते काढून घेतले. आमच्या भाषेत सांगायचे तर हजारो माणसे एकदम कामावरून कमी केली गेली, नुकसानभरपाई नाही, पर्यायी काम नाही. सरकारी कागदांत त्यांची नोंद झाली ती दरोडेखोर म्हणून. हुकूम कोणी काढला ते कागदावर आहे, उपासमार कोणाची झाली ते नाही. सातबाराच्या उताऱ्यासाठी रांगेत उभे असताना कधी वेळ मिळाला, तर त्यांच्या स्मारकापुढे क्षणभर उभे राहा.

पुढे स्वारगेट. तेथे आपला रस्ता संपतो. आता या रस्त्याच्या पोटातूनही वाट गेली आहे. ज्या २९ सप्टेंबर २०२४ रोजी भिडे वाड्याच्या स्मारकाची पायाभरणी झाली, त्याच दिवशी जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाली. मंडईला स्टेशन झाले. पाच-सहा वर्षे त्या भुयारात मजूर उतरत होते, पुष्कळसे परप्रांतातले. त्यांना 'नाईक' किताब मिळाल्याचे काही ऐकिवात नाही.

मंडळी, माझे बोलणे आटोपते घेतो. इतके ऐकून घेतल्यावर आपण विचाराल, याचे करायचे काय? युनियनचा माणूस मागण्यांशिवाय खाली बसत नाही. माझ्या तीन आहेत, आणि तिन्ही सरकारकडे नाहीत, आपल्याकडे आहेत.

पहिली. भिडे वाड्याच्या जागी जे स्मारक उभे राहील, त्यात संध्याकाळी एक वर्ग चालावा. धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बायांना अक्षरे शिकविणारा. तेथे नुसती चित्रे टांगली तर ती वास्तू पुरी झाली असे मी मानणार नाही. आपल्यातल्या निवृत्त शिक्षकांनी पुढे यावे. विद्यार्थिनी मी आणून देतो.

दुसरी. मंडईत, तांबट आळीत, बोहरी आळीत जी म्हातारी माणसे आहेत, त्यांच्या आठवणी कोणीतरी लिहून घ्याव्यात. पेशव्यांच्या हिशेबातला आकडा आपल्याला पाठ आहे, पण शंभर किलोचे पोते उचलताना पाठीचे काय होते, हे सांगणारी माणसे आपल्या डोळ्यांदेखत चालली आहेत. वडील गेले तेव्हा ही अक्कल मला नव्हती. त्यांना मी एकही प्रश्न विचारला नाही.

तिसरी. जुन्या रस्त्याचे सौंदर्य राखायचे म्हणून पथारीवाल्याला उठवायचे, ही कल्पना अधूनमधून डोके वर काढते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली देशाने कायदा केला. त्याने त्यांना नोंदणीचा आणि जागेचा हक्क दिला. रस्ता चालायला मोकळा असावा, हे मलाही मान्य आहे. माझ्या आईलाही मान्य होते. त्यासाठी आखणी करा, ओळ ठरवा, वेळ ठरवा. पण शनिवारवाड्यासमोर भाजी बसत होती, तेव्हापासून हा रस्ता विकणाऱ्यांचा आणि घेणाऱ्यांचा आहे. त्यांना काढून जे उरेल ते छायाचित्रात चांगले दिसेल, रस्ता म्हणून चालणार नाही.

आई आता नाही. शेवटच्या वर्षांत तिने नातीकडून आपले नाव लिहायला शिकून घेतले होते. मंडईवरची पाटी एवढी मोठी, जोडाक्षरांची. ती तिला पुरती लागली नाही. 'फुले' एवढे मात्र ती वाचायची, आणि वाचले की माझ्याकडे पाहायची.

  उद्या भाजी आणायला जाल तेव्हा मंडईचा मनोरा जरूर पाहा. आणि ज्या बाईकडून लिंबे घ्याल, तिला एकदा तिचे नाव विचारा.